बादलीत बुडलेला आंबा नेमकं काय सांगतो?

आंब्याचा हंगाम आला की एक मेसेज न चुकता फिरतो. मजकूर साधारण असा: ‘आंबे पाण्याच्या बादलीत टाका. बुडला तो नैसर्गिक, तरंगला तो कार्बाइडचा. एकसारखा पिवळाधमक दिसतो तो रसायनाचा. आंब्याजवळ पेटती काडी नेली आणि भडका उडाला तर कार्बाइड नक्की. कापल्यावर गर दोन रंगांचा दिसला तर फेकून द्या. खाण्याआधी दोन तास भिजवा, सगळं विष निघून जातं.’ खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’. (कार्बाइड म्हणजे फळं झटपट पिकवायला वापरतात ते कॅल्शियम कार्बाइड.)

बादलीपासून सुरुवात करू, कारण त्या चाचणीत तथ्य आहे. फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. झाडावर आंबा जून होत जातो तसा त्याच्या गरात स्टार्च साठत जातो आणि फळ पाण्यापेक्षा जड होतं. म्हणून तोडणीच्या वेळी जून फळ बुडतं, कोवळं तरंगतं. बागायतदार ही कसोटी तोडणीची वेळ ठरवायला वापरतात. फळ नंतर कशानं पिकवलं, हे त्यातून कळायचा प्रश्नच येत नाही. जून आंबा कार्बाइडमध्ये ठेवून पिकवला तरी तो खुशाल बुडेल, आणि वाऱ्यानं पडलेला कोवळा आंबा कुठल्याही रसायनाशिवाय तरंगेल. घरी येईपर्यंत तर हिशेब आणखी बिघडतो. पिकताना फळाचं वजन घटतं, आणि आत साका म्हणजे गर स्पंजासारखा होण्याचा दोष झाला असेल तर त्या गरात हवेच्या पोकळ्याही असतात. म्हणजे तरंगणाऱ्या आंब्यावर शंका घ्यायचीच तर ‘कोवळा तोडला असेल’ एवढी घ्या.

जून फळ ओळखायला बादली लागतही नाही. देठाजवळ पाहा. खांदे भरून देठाच्या वर आलेले असतील आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसत असेल, तर फळ पोसलेलं आहे. देठापासून खांदे उतरते असतील तर ते घाईनं तोडलंय. असा आंबा पिवळा होईल, मऊही होईल, पण गोडी यथातथाच राहील, कारण साखर व्हायला आत पुरेसा स्टार्चच नाही.

आता रंग. लाल छटा ही सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची, आणि ती उन्हात वाढते. फळाच्या ज्या गालावर ऊन पडलं तो लाल. टॉमी अ‍ॅटकिन्स ही जात कच्ची असतानाही लालबुंद दिसते, उलट लंगडा आणि कीट या जातींचे आंबे पिकल्यावरही बऱ्याचदा हिरवेच राहतात. एकसारखा पिवळा रंग इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूनंही येतो, आणि इथिलीन आंबा स्वतःच तयार करतो. मेसेजच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की साल पिवळीजर्द, पण देठाशी नाक नेलं तर वास नाही आणि दाबलं तर दगड, असा आंबा घेऊ नये. तिथेही संशय कोवळ्या तोडणीचाच आधी घ्यावा. अंगठ्यानं मात्र दाबू नका. तळहातावर घेऊन सगळ्या बोटांनी हलकं चेपा. अंगठ्याचा डाग दुसऱ्या दिवशी आतून काळा पडतो आणि मग दोष विकणाऱ्यावर जातो.

काडीबद्दल फार लिहायला नको. ओलाव्यानं कार्बाइडमधून अ‍ॅसिटिलीन निघतो आणि तो वायू पेटतो, हे खरं. पण तो उडून जातो, उघड्यावर ठेवलेल्या फळात भडक्याची वाट पाहत बसत नाही. घरात मुलं असताना हे प्रयोग कशाला? कार्बाइड वाईटच आहे, त्यातल्या अशुद्धींत आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगं असू शकतात. सालीवर राखाडी-पांढरी भुकटी किंवा लसणासारखा उग्र वास असेल तर आंबा परत करा. घरबसल्या पक्कं निदान करणारी चाचणी नाही, आणि हे वाक्य फॉरवर्ड होण्याइतकं चटकदार नाही.

भिजवण्याचंही तसंच. पाण्यानं धूळ, भुकटी आणि देठाचा चीक जातो. हा चीक त्वचेला झोंबतो, काहींना पुरळही येतं, म्हणून धुणं योग्यच. पण अखंड सालीतून गरातलं काही पाण्यात उतरत नाही. वाहत्या पाण्याखाली हातानं चोळलं की काम झालं, आणि ते कापण्याआधी करायचं, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

राहिला दोन रंगांचा गर. आंबा कोयीकडून सालीकडे पिकत येतो, त्यामुळे कोयीपाशी गडद आणि सालीखाली फिकट गर दिसणं साहजिक आहे. तो आंबा एक दिवस आधी कापला, एवढाच त्याचा अर्थ. पण हे नीट दिसायला कापही नीट हवा. देठाकडचा भाग उडवून त्या सपाट बाजूवर आंबा उभा करा, अरुंद कड स्वतःकडे. कोय चपटी असते आणि तिची कडही तुमच्याकडेच येते. मध्यरेषेपासून बोटभर बाजूला सुरी ठेवून खाली आणा. कोयीला घासली तर किंचित बाहेर घ्या, जोर करू नका. दोन्ही गाल निघाले की कोयीलगतचा गर पाहा. पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस वासाचा असेल तर तो साका. हा शरीरक्रियेतला दोष, हापूसमध्ये विशेष, आणि बाहेरून पत्ता लागू देत नाही. तेवढा भाग काढून बाकीचा गर खाता येतो. दारूसारखा वास येत असेल तर मात्र आंबा आंबलाय, टाकून द्या. सालीवरचे काळे खोलगट डाग बहुधा करपा या बुरशीच्या रोगाचे असतात, ते जिथवर आत गेलेत तिथवर कापून काढा.

उरलेल्या फोडी झाकून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. कच्चा आंबा मात्र तिथे ठेवू नका. दहा-बारा अंशांखाली तो नीट पिकतच नाही, साल करडी पडते आणि गर बेचव राहतो. मग तोच आंबा ‘रसायनाचा’ म्हणून पुढच्या मेसेजच्या फोटोत झळकतो.