मदत तिच्या नावावर जमा व्हायला हवी

पोलंडने युक्रेनच्या निर्वासितांना कसं सामावून घेतलं, यावर आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक मार्च २०२२ च्या फोटोंवरून. सीमेजवळच्या प्शेमिशल स्टेशनच्या फलाटावर, येणाऱ्या आयांसाठी पोलिश आयांनी ठेवून दिलेल्या बाबागाड्या. मेडिकाच्या सीमेवर सूप आणि चहाचे तंबू. याच सीमेवरून आपले मेडिकलचे विद्यार्थीही बाहेर पडले, त्यामुळे ही गावांची नावं मराठी घरांतही तेव्हा ऐकू येत होती. ते फोटो खरे होते आणि ती माणुसकीही खरी होती. लाखो माणसं आली आणि त्यातली बहुतेक छावणीत नाही, तर कुणाच्या तरी घरी राहिली.

पण त्या एका महिन्याचं कौतुक करताना पुढे काय अडलं ते बघायचं राहून जातं. जिथे पैसा आणि हक्क आलेल्या बाईच्या स्वतःच्या नावावर गेले, तिथे ती उभी राहिली. जिथे ते यजमान, घरमालक किंवा कामाला लावणारी एजन्सी यांच्या हातून गेले, तिथे ती अडकली.

'बाई' म्हणतोय ते मुद्दाम. युद्ध सुरू होताच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युक्रेनबाहेर जायला बंदी झाली. त्यामुळे आल्या त्या आया, मुलं, आज्या. युरोपियन युनियनने ४ मार्च २०२२ रोजी तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. हा नियम २००१ पासून कागदावर होता, पण वापरला गेला तो पहिल्यांदाच. त्यामुळे आश्रयासाठी वर्षानुवर्षं ताटकळायची गरज उरली नाही. राहायचा, काम करायचा, शाळेचा, दवाखान्याचा हक्क लगेच मिळाला. पोलंडने १२ मार्चला स्वतःचा खास कायदा केला आणि १६ मार्चपासून निर्वासितांना 'पेसेल' क्रमांक द्यायला सुरुवात केली. पेसेल म्हणजे तिकडचं आधार. हे काम पोलंडने फार वेगाने आणि फार चांगलं केलं, ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

आता साखळी बघा. पेसेलसाठी 'ग्मिना'च्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, कार्यालयात जायचं. पासपोर्ट, एक फोटो, बारा वर्षांवरच्यांचे बोटांचे ठसे. त्याच खिडकीवर मोबाइल नंबर आणि ईमेल दिला की सरकारी पोर्टलसाठीचं डिजिटल खातंही उघडतं. पुढे स्वतःच्या नावाचं बँक खातं. मग मुलांच्या भत्त्याचा अर्ज 'झूस' या सामाजिक विमा संस्थेकडे, आणि तोही फक्त ऑनलाइन. पैसे पोलंडमधल्या खात्यातच येणार. तेव्हा हा भत्ता महिन्याला मुलामागे ५०० झ्लॉटी (पोलंडचं चलन) होता, जानेवारी २०२४ पासून ८०० झाला.

यात घोळ होतो तो मोबाइल नंबरावर. घाईत स्वयंसेविका म्हणते, 'माझा नंबर टाका, नंतर बदलू.' यजमानीणबाई म्हणतात, 'आमचाच ईमेल द्या.' हेतू चांगलाच असतो. पण प्रत्येक लॉगिनचा कोड त्या नंबरावर जातो. स्वयंसेविका चार महिन्यांनी दुसऱ्या शहरात निघून जाते आणि इकडे आईला स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. म्हणून खिडकीवर जाण्याआधीच तिच्या पासपोर्टवर नोंदवलेलं पोलिश सिम तिच्या हातात हवं. पोलंडमध्ये प्रीपेड सिमलाही ओळखपत्र लागतं, पासपोर्ट चालतो, वीस मिनिटांचं काम आहे.

दुसरा घोळ नावाचा. आधार आणि पॅनवर वेगळं स्पेलिंग असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. युक्रेनियन पासपोर्टवर 'यूलिया' हे नाव रोमन लिपीत 'वाय'ने सुरू होतं. पण मुलीकडे पासपोर्ट नसेल, नुसता सिरिलिकमधला जन्मदाखला असेल, तर पोलिश कारकून तेच नाव 'जे'ने लिहितो, कारण पोलिशमध्ये 'जे'चा उच्चारच 'य'. वर्षभराने तिचा पासपोर्ट येतो आणि एकाच मुलीची दोन नावं होतात. पेसेलवर एक, पासपोर्टवर दुसरं. मग भत्ता, शाळा, आरोग्यविमा, सगळीकडे 'जुळत नाही.' पासपोर्ट हातात पडला की पहिल्याच आठवड्यात ग्मिनात जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी. भत्त्याचं नूतनीकरण आल्यावर धावपळ केली की मधले पैसे थांबतात.

आजी किंवा मावशीबरोबर आलेल्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक. आई-वडील सोबत नसतील तर जिल्हा न्यायालयाकडून तात्पुरता पालक नेमून घ्यावा लागतो. कायद्याने न्यायालयाला त्यासाठी तीन दिवसांची मुदत दिली, हे चांगलं केलं. पण 'आपली सख्खी आजी आहे, कोर्ट कशाला?' असं म्हणून घरंच्या घरं थांबली. मग शाळेच्या प्रवेशाला किंवा ऑपरेशनच्या संमतीला आजीची सही चालत नाही, आणि तेव्हा तीन दिवसही खूप वाटतात. हा अर्ज पेसेलच्या पाठोपाठच करायचा.

आता पैशाकडे. जो कुणी निर्वासितांना घरात ठेवून जेवूखाऊ घालेल, त्याला माणशी दिवसाला ४० झ्लॉटी मिळायचे, जास्तीत जास्त १२० दिवस. आई आणि दोन मुलं धरली तर दिवसाला १२०, महिन्याला ३६०० झ्लॉटी. ते यजमानाच्या खात्यात. त्याच आईच्या खात्यात दोन मुलांचे मिळून १०००. पहिल्या काही आठवड्यांत हे बरोबरच होतं. तिच्याकडे ना क्रमांक होता ना खातं, आणि यजमानाच्या घरी वाणसामानाचं, विजेचं, पाण्याचं बिल खरोखर वाढत होतं. पण पेसेल मिळाल्यावरही चौथ्या महिन्यापर्यंत तीच वाट ठेवली, ही चूक झाली. फ्रीज कुणाचा, स्वयंपाक किती वाजता, मुलांनी किती आवाज करायचा, हे सगळं ज्याच्या हातात पैसा त्याच्याच हातात राहिलं. १२० दिवस संपले की यजमानाला 'आता बघा काहीतरी' म्हणायचा संकोच, आणि तिला ते ऐकायची धास्ती. दोन्ही बाजूंची माणसं भली, तरी घरातली हवा बिघडली. साठाव्या दिवसापासून हीच रक्कम भाडेमदत म्हणून तिच्या खात्यात वळती केली असती, तर तिला घर शोधायला दोन महिने आणि घरमालकासमोर दाखवायला उत्पन्न मिळालं असतं. १ जुलै २०२४ पासून तर यजमानांचं हे अनुदानच बंद झालं. तिच्या हातात भाड्यासाठी देण्याची पद्धत त्याच्या जागी आली नाही.

घर भाड्याने मिळत नाही याचं कारण पोलिश लोक वाईट आहेत असं नाही. कायदा तसा आहे. साध्या भाडेकरारावर राहणारी, लहान मुलं असलेली आई किंवा गरोदर बाई भाडं थकलं तरी सहजी बाहेर काढता येत नाही, न्यायालय आधी तिच्या सामाजिक घराचं, म्हणजे पालिकेने द्यायच्या स्वस्त घराचं बघतं. संरक्षण चांगलं आहे, पण त्यामुळे घरमालक नेमका लेकुरवाळीलाच घाबरतो. मग तो 'नायेम ओकाझ्योनाल्नी' हा वेगळा करार मागतो. त्याला तीन गोष्टी लागतात. करार, गरज पडली तर घर सोडीन असं नोटरीसमोरचं निवेदन, आणि घर सोडावं लागलं तर आपण कुठे जाऊ तो पोलंडमधला पत्ता, त्या जागेच्या मालकाच्या लेखी संमतीसह. पोलिश येत नसेल तर नोटरीकडे शपथबद्ध दुभाषाही लागतो. पहिल्या दोन गोष्टी पैशाने सुटतात. तिसरी सुटत नाही. ज्या बाईचं घर खारकिव्हमध्ये आहे, तिने पोलंडमधला परतीचा पत्ता आणायचा कुठून?

स्थानिक माणसाची सगळ्यात मोठी मदत इथे होऊ शकते. ज्याच्या मालकीचं घर आहे त्याने त्या संमतीपत्रावर सही द्यायची. यात जबाबदारी आहे, वेळ आली तर खरंच जागा द्यावी लागते, हे समजून सही करावी. पण दहा पिशव्या कपड्यांपेक्षा ही एक सही जड आहे. आणि जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका असं तिला आधीच सांगावं. सोसायटीचा 'चिन्श' म्हणजे मेंटेनन्स, वीज, गरम पाणी, हीटिंग बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि वर एका महिन्याची अनामत.

ज्यांना घर मिळालं नाही त्या सामूहिक निवासांत राहिल्या. तिथे १ मार्च २०२३ पासून, १२० दिवसांनंतर निम्मा खर्च (माणशी दिवसाला ४० झ्लॉटींपर्यंत), आणि मे महिन्यापासून, १८० दिवसांनंतर ७५ टक्के (६० पर्यंत) भरायचा नियम आला. अपंग, गरोदर, तान्ह्या बाळाच्या आया, साठीपुढच्या बायका यांना सूट दिली, ती योग्यच. पण कमावत्या बाईने ६० झ्लॉटी देऊन अनोळखी लोकांबरोबर राहायचं, आणि तीच रक्कम भाड्याला पुरली असती तरी करार होत नाही म्हणून अडकायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

कोल्हापूरकरांना वळीवडे माहीत असेल. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यातही बायका आणि मुलंच जास्त. तिथे छावणी होती, पण मुलांच्या पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, त्यांची स्वतःची व्यवस्था होती. त्या माणसांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुणं म्हणून पाच वर्षं काढावी लागली नाहीत. छावणी चांगली आणि घर वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या चुलीवर आपला हात असणं, एवढीच गोष्ट वळीवड्याहून घेण्यासारखी वाटते.

जर्मनीत उलट झालं. जून २०२२ पासून युक्रेनियन लोकांना तिथल्या सर्वसाधारण बेरोजगार भत्त्यात घेतलं, त्यात घरभाडंही आलं, आणि सोबत ६०० तास जर्मन भाषा व १०० तास समाजओळख असा अभ्यासक्रम. छप्पर पक्कं झालं, पण नोकऱ्या हळू मिळाल्या. पोलंडमध्ये काम पटकन मिळालं, कारण परवाना लागत नव्हता. मालकाने ठरल्या मुदतीत ऑनलाइन कळवलं की झालं. ही मुदत आधी १४ दिवस होती, २०२४ पासून ७. मात्र शिक्षिका, हिशेबनीस, इंजिनिअर बायका गोदामात पॅकिंगला लागल्या आणि तिथेच राहिल्या, कारण पोलिशचा वर्ग सकाळी दहाला आणि त्यांची पाळी सहाला सुरू. संध्याकाळचा वर्ग आणि त्याच इमारतीत मुलं सांभाळायला एक खोली, हे दोन्ही एकत्र असल्याशिवाय वर्ग भरत नाहीत. कागदावर जागा भरपूर दिसतात आणि बाकं रिकामी.

शाळेचं मात्र पटलं. सप्टेंबर २०२४ पासून मुलाला पोलिश शाळेत घालणं सक्तीचं झालं, आणि जून २०२५ पासून मूल शाळेत असेल तरच ८०० झ्लॉटी, असा नियम आला. त्याआधी कितीतरी मुलं युक्रेनच्या ऑनलाइन शाळेवर दोन वर्षं एकटी घरात बसली होती. ३० दिवसांचा नियम तितका पटत नाही. एका वेळी तीस दिवसांहून जास्त पोलंडबाहेर राहिलं की संरक्षणाचा दर्जाच जातो, म्हणजे आजारी वडिलांना बघायला गेलेली लेक परत येऊन पुन्हा खिडकीवर उभी. त्यात २५ ऑगस्ट २०२५ रोजी पोलंडचे अध्यक्ष नाव्रोत्स्की यांनी या संरक्षणाच्या मुदतवाढीचं विधेयक फेटाळलं. सप्टेंबरमध्ये नवा कायदा झाला, त्यात भत्ता आई-बापाच्या नोकरीशी बांधला आणि मुदत ४ मार्च २०२६ ठरवली. पाच-सहा महिन्यांच्या मुदतीवर कुठला घरमालक वर्षाचा करार करेल?

त्याच ऑगस्टमध्ये युक्रेनने १८ ते २२ वयाच्या मुलांना बाहेर पडायची मोकळीक दिली. आता एकटी पोरं येताहेत. त्यांच्यामागे ना मुलांचा भत्ता, ना शाळा, ना एखादी आई जिला बघून यजमानाचं दार उघडेल. त्यांना पहिल्या दिवशी सिम, पहिल्या आठवड्यात पेसेल आणि खातं हवं. आणि कामावर लावताना करार कुठला ते कुणीतरी पोलिश वाचून सांगायला हवं. 'उमोवा ओ प्रात्सेन', म्हणजे रीतसर नोकरीचा करार, असेल तर पगारी रजा मिळते, 'उमोवा झ्लेत्सेनिया', म्हणजे नुसता काम सोपवण्याचा करार, असेल तर कायद्याने तो हक्क नाही. झोपायची जागा एजन्सीनेच दिली असेल तर नोकरीचा आणि जागेचा कागद वेगळा मागा, नाहीतर नोकरी सुटेल त्याच रात्री खोलीही सुटते.