म्हणे व्ही २!

पुन्हा तेच. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे दोराविना छोटे कातळ चढण्यात, चढाई किती अवघड यावरून वाद! व्ही-श्रेणीत आकडा मोठा, तितकी चढाई अवघड. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ, ओहोटीला जेमतेम दोन-तीन तास मोकळा. दमट हवेत हात कोरडे ठेवायच्या चॉक-पुडीचा लगदा होतोय, पहिलीच पकड शेवाळलेली, आणि पुण्याचा पाहुणा एकदा चढून म्हणतो, "हा कसला व्ही ४? व्ही २ पण नाही!" अरे बाबा, तू सहा फुटी, उभ्याउभ्या वरची कड गाठलीस. सुरुवात बसून करायची होती! मला पाच फूट दोन इंचात मधल्या बोटभर खाचेला लटकावं लागतं. त्यात दुसऱ्याने फ्रान्समधल्या फॉन्टेनब्लोच्या श्रेणीतलं 'सिक्स ए' काढलं. पॅरिसजवळच्या वालुकाश्माचं माप, आमच्या खारटलेल्या बेसाल्टला! या वादात भरती चढली, आणि क्रॅशपॅड (पडलो तर म्हणून खाली अंथरायची गादी) भिजलं ते माझंच.