महाकाम नदी नुसती फोटोतली नाही
इंडोनेशियात बोर्निओ बेटावर महाकाम नदी आहे, तिच्यावरच्या लेखात नदीकाठच्या गावाला 'शांत, निसर्गरम्य' म्हटलंय, ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी कामानिमित्त दोनेक वर्षं याच नदीवरच्या समारिंदा शहरात होतो, तेव्हा बोटीने वरती लाँग बागून या गावापर्यंत जाऊन आलोय. तिथे नदी हाच रस्ता, हाच नळ आणि हाच बाजार. प्रत्येक घरापुढे ओंडक्यांचा तराफा बांधलेला असतो, त्याच्या एका कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा म्हणजे संडास, आणि दोन हातांवर बाई तांदूळ धुतेय, शेजारी पोरं दात घासतायत, पाणी तेच!! बघून पोटात कालवलं हो, पण त्यांनी दुसरं पाणी आणायचं कुठून?

आणि पावसाळ्यापेक्षा कोरडा हंगाम वाईट असतो तिकडे. लाँग बागूनच्या वर नदीत खडकाळ, जोरदार प्रवाहाचे टप्पे लागतात, पाणी उतरलं की बोटी वर जाऊच शकत नाहीत, मग तांदूळ, पेट्रोल, गॅस सगळ्याचे भाव भडकतात, आजारी माणसाला खाली आणणंही अवघड. 2015 साली तर कालिमंतानात (बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात) आगी लागून महिनोन्महिने धूर होता, लहान मुलांचे हाल झाले.

खालच्या अंगाला दिवसभर कोळशाचे भलेमोठे बार्ज (सपाट मालवाहू नौका) जातात, त्यातला काही कोळसा आपल्याकडेच येतो बरं का, आपल्या वीजकेंद्रांसाठी. त्याच नदीवर ज्या घरात मी एक रात्र राहिलो तिथे लाइट फक्त संध्याकाळी, जनरेटर चालू असेपर्यंत. तरी घरच्या आजींनी मला भात आणि नदीचा मासा पोटभर वाढला, स्वतः नंतर जेवल्या.