कोचचा परिच्छेद मी का काढणार नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा नमस्कार,

स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज ह्या कॅनडातल्या पोरांच्या आइस हॉकी संघावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी सांगतो, दादांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, हा संघ १९८६ ला सुरू झाला असं मी लिहिलं ते चूक, तो १९६७ चा आहे. दोन, बस अपघातात ४ पोरं गेली आणि अडीच वर्षांत त्याच संघाने मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचा सगळ्यात मोठा कप, जिंकला, इतकी काळजाला भिडणारी गोष्ट, आणि मी तिच्यात कोचने खेळाडूंचं लैंगिक शोषण केल्याचं घाणेरडं प्रकरण घुसवून तिची माती केली, गेलेल्या पोरांचाही मान ठेवला नाही. तीन, कॅनडातल्या एवढ्याशा गावच्या पोरांच्या आइस हॉकीशी मराठी माणसाला काय घेणं.

पहिलं एकदम मान्य, चूक माझीच. संघ १९६७ चाच. १९७४ ला तो अल्बर्टा प्रांतात लेथब्रिजला गेला, तिथे लेथब्रिज ब्रॉन्कोज म्हणून १२ वर्षं खेळला, आणि १९८६ ला गावाने पुढाकार घेऊन तो परत आणला. मला "परत आला" म्हणायचं होतं आणि लिहिलं "सुरू झाला", त्याने सगळा अर्थच बदलला. पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, ६ स्टॅनली कप म्हणजे विजेतेपदं जिंकणारा ब्रायन ट्रॉटिए जवळच्याच व्हॅल मरीचा, तो त्या पहिल्या काळातला, पुढे एनएचएल खेळलेला टायगर विल्यम्सही त्याच काळातला. सहा सटर भाऊ लेथब्रिजच्या काळातले, एका घरातले सहाच्या सहा एनएचएल खेळले. हे सगळं माझ्या चुकीमुळे लेखातून गेलंच. आणि अजून एक, संघाची मालकी आजही गावाचीच आहे, कुणा एका शेठची नाही. पंधरा-सतरा हजार वस्तीचं गाव, डब्ल्यूएचएल ह्या ज्युनियर लीगमधलं सगळ्यात छोटं, आणि तिथल्या लोकांना हा संघ म्हणजे आपल्याकडे गावची तालीम असते ना तसा वाटतो.

आता दुसरा मुद्दा, खरा तोच आहे.

३० डिसेंबर १९८६. परत आलेल्या संघाचा पहिलाच सीझन. रिजायनाला मॅच होती, बस गावातून निघाली आणि गाव मागे पडतंय न पडतंय तोच हायवेवर रेल्वेच्या ओव्हरपासजवळ बर्फावरून घसरली आणि रस्त्याच्या खाली जाऊन आडवी झाली. मागच्या सीटवर चौघं पत्ते खेळत बसले होते. ट्रेंट क्रेस २० वर्षांचा, स्कॉट क्रूगर १९, ख्रिस मँटिका १९, ब्रेंट रफ १६. चौघंही गेले. स्कॉट तर त्या गावचाच पोरगा. पुढे मोठा स्टार झालेला जो सॅकिक त्याच बसमध्ये होता, तो वाचला. शेल्डन केनेडीही त्याच बसमध्ये.

मी रिजायनात राहतो, तिथून स्विफ्ट करंट साधारण अडीच तास. अपघाताच्या जागेजवळ २०१६ ला, म्हणजे ३० वर्षांनी, एक स्मारक उभं केलंय चार पानांच्या क्लोव्हरचं, म्हणजे एका छोट्या रोपाच्या आकाराचं. हीच खूण संघाच्या जर्सीवरही होती, क्लोव्हरच्या एकेका पानात गेलेल्या एकेका पोराचा नंबर, ८, ९, ११, २२. मी तिथे फेब्रुवारीत गेलो होतो, वारा इतका की गाडीचा दरवाजा उघडताना दोन्ही हात लावावे लागले, आणि ट्रक जाताना पायाखालची जमीन थरथरत होती. दादा, त्या पोरांबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी त्या दिवशी तिथे उभा राहून अनुभवलंय, त्यामुळे मी त्यांचा मान ठेवला नाही हे तुमचं वाक्य मला लागलं, खरंच लागलं.

तुम्ही म्हणता अपघात एक गोष्ट, कप एक गोष्ट, आणि कोच ही तिसरी, वेगळी, पोलीस-कोर्टाची गोष्ट, ती वेगळीकडे लिहा. मी लेख लिहायच्या आधी असंच समजत होतो. पण जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की ह्या तीन गोष्टी नाहीतच, एकच आहे.

हे बघा, अपघातानंतर त्या पोरांना रीतसर समुपदेशन मिळालं नाही. बसमधल्या खेळाडूंनी पुढे मोठं झाल्यावर सांगितलंय की कोच ग्रॅहम जेम्सने बाहेरच्या कुणाला आत येऊ दिलं नाही, आमचं आम्ही बघून घेऊ म्हणाला. तेव्हा लोकांना त्यात वावगं वाटलं नाही, उलट कौतुक झालं की बघा कोच कसा पोरांना धरून आहे. पण बाहेरचा माणूस का नको होता? संघात येऊन एखादा मानसोपचारतज्ज्ञ एकेका पोराशी बंद खोलीत बोलायला बसला असता तर अपघाताबरोबर अजून काय काय बाहेर आलं असतं? शेल्डन केनेडी १४ वर्षांचा असल्यापासून जेम्सकडून त्याचं लैंगिक शोषण चालू होतं. आठवड्याचे दिवससुद्धा ठरलेले, मंगळवार आणि गुरुवार. म्हणजे ३० डिसेंबरच्या त्या बसमध्ये बसलेला हा पोरगा अपघाताच्या आधीपासूनच एका अपघातात होता, आणि अपघातातून वाचून परत कुणाच्या हाताखाली गेला तर त्याच माणसाच्या.

ज्युनियर हॉकी चालते कशी ते लेखात मी घाईघाईत उरकलं, ते इथे सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. पोरं १६ ते २० वयाची. घर सोडून शेकडो किलोमीटर लांब येतात, गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतात, त्याला बिलेट म्हणतात, शाळा तिथलीच, आणि सीझनभर बसचा प्रवास. पोराचं नाव एकदा संघाच्या यादीत लागलं की त्या लीगमध्ये आपल्या मर्जीने दुसरीकडे जाता येत नाही, संघ मात्र त्याला ट्रेड करू शकतो, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकतो. कुणाला किती वेळ बर्फावर उतरवायचं, कुणाचं नाव एनएचएलसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला सांगायचं, कुणाला घरी पाठवायचं, सगळं कोचच्या हातात. आईबाप लांब, आणि तेही विश्वासाने सांगतात की कोच म्हणतील तसं कर. आपल्याकडे क्रिकेट अकॅडमीत पोरगं टाकताना "सर आता तुमच्या हवाली" म्हणतो ना, तेच, फक्त इथे पोरगं संध्याकाळी घरी येत नाही.

आता कपाकडे या. १९८८-८९ चा संघ खरंच जबरदस्त होता, ७२ पैकी ५५ मॅच जिंकल्या, प्लेऑफमध्ये १२ च्या १२, एकही हार नाही. मेमोरियल कपची फायनल सस्कॅटूनमध्ये, समोर यजमान सस्कॅटून ब्लेड्स, ३-३ बरोबरी, आणि ओव्हरटाइममध्ये टिम टिसडेलने गोल मारला. संघात गेलेल्या स्कॉटचे दोन भाऊ होते, डॅरेन आणि गोलकीपर ट्रेव्हर. हे लिहिताना माझा आजही घसा दाटून येतो. सॅकिक तोपर्यंत एनएचएलला गेला होता, पण आदल्या सीझनला त्याने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी घेतली, आणि त्या ट्रॉफीचं नाव फोर ब्रॉन्कोज मेमोरियल ट्रॉफी. स्वतःच्या मेलेल्या मित्रांच्या नावाची ट्रॉफी हातात घ्यायची, १८ वर्षांच्या पोराने. त्या सीझनला गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून १६० पॉइंट घेऊन त्याच्या बरोबरीने पहिला होता मूस जॉ वॉरियर्सचा थिओ फ्लुरी, आणि तोही ह्याच जेम्सचा बळी.

आणि कप जिंकल्यावर काय झालं? द हॉकी न्यूज ह्या नियतकालिकाने १९८९ चा मॅन ऑफ द इयर म्हणून ग्रॅहम जेम्सला निवडलं. चार पोरं गमावलेला संघ ज्याने उभा केला तो माणूस म्हणून. दादा, माझा सगळा लेख ह्या एका गोष्टीसाठी आहे. जी गोष्ट तुम्हाला आणि मला काळजाला भिडते, तिनेच ह्या माणसाला कवच दिलं. अपघाताच्या दुःखावर त्याचं नाव मोठं झालं, कपाने अजून मोठं केलं, मग त्याच्याविरुद्ध एका पोराचा शब्द कोण ऐकणार होतं? आणि हे कपाबरोबर संपलंही नाही. टॉड होल्ट, फ्लुरीचा कझिन, स्विफ्ट करंटला खेळला तो कपानंतरच्या वर्षांत, त्याचंही शोषण झालं. २०१५ ला ज्या केसमध्ये जेम्सला अजून २ वर्षं झाली ती केसही नव्वदच्या दशकातल्या स्विफ्ट करंटच्याच एका खेळाडूची. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण टाळ्या वाजवत होतो तिच्या आडोशाला हे चालू होतं, आणि तुम्ही मला म्हणता आडोसा तेवढा ठेवा, मागचं लिहू नका. नाही जमणार मला ते.

केनेडीने १९९६ ला तोंड उघडलं, तेव्हा तो एनएचएलमध्ये खेळत होता, करिअर चालू असताना. जेम्सने १९९७ च्या जानेवारीत गुन्हा कबूल केला, दोन खेळाडूंवरचे शेकडो अत्याचार, आणि शिक्षा किती तर साडेतीन वर्षं. २००७ ला त्याला माफीही मिळाली, रीतसर सरकारी माफी, आणि ती बाहेर कळली २०१० ला. लोक खवळले, पुढे कायदा बदलला, मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांना आता तशी माफी मिळत नाही. फ्लुरी आणि होल्टच्या केसमध्ये २०१२ ला आधी २ वर्षं झाली, ती अपिलात ५ केली. केनेडी १९९८ ला रोलरब्लेडवर अख्खा कॅनडा पार करत गेला, ह्याच कामाला पैसे उभे करायला.

तिसरा मुद्दा, आपल्याला काय घेणं. माझा मुलगा आठ वर्षांचा, त्याला हॉकीला घातलं तेव्हा नाव नोंदवायच्या आधी आम्हाला एक ऑनलाइन कोर्स करायला लावला, पालकांसाठी. मी सांगलीचा माणूस, आमच्याकडे मैदानावर पोराला सोडून यायचं एवढंच माहीत. रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बायको आणि मी बसलो, जरा कुरकुरतच, आणि त्यात होतं की कोचने पोराला एकट्याला घरी बोलावलं तर काय समजायचं, पोरगं अचानक गप्प झालं तर काय विचारायचं, कसं विचारायचं. बायको मध्येच थांबली आणि म्हणाली, आपल्याला कुणी असं कधी शिकवलंच नाही ना. तो कोर्स म्हणजे रिस्पेक्ट इन स्पोर्ट, आणि तो उभा करणाऱ्यांतला एक शेल्डन केनेडी. तेव्हा मला हे नाव माहीतही नव्हतं, मी ते शोधलं आणि तिथून ह्या संघापर्यंत पोचलो. माझ्या घराशी ह्या गोष्टीचा संबंध हा एवढा आहे, मला तो पुरेसा वाटतो.

आणि २०१८ चा एप्रिल. हम्बोल्ट ब्रॉन्कोज, नाव सारखं पण संघ वेगळा, त्यांची बस आणि ट्रकची टक्कर, १६ जण गेले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत घराघराच्या दारात हॉकीची स्टिक उभी केलेली होती आणि रात्रभर बाहेरचा दिवा चालू. आमच्याकडे स्टिक नव्हती, मुलगा तेव्हा झालाही नव्हता, शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची एक जास्तीची आणून दिली. ट्रकचा ड्रायव्हर भारतातून आलेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ते दिवस फार जड गेले, काकूंनी स्टिक दिली तेव्हा माझ्या तोंडून धड थँक्यूसुद्धा निघालं नाही. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ह्या वेळी १९८६ च्या त्या बसमधले काही जण, केनेडीसुद्धा, हम्बोल्टला गेले, वाचलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटायला. जे त्यांना कुणी दिलं नव्हतं ते द्यायला.

तर दादा, १९६७ ची दुरुस्ती आज रात्रीच करतो, लेथब्रिजच्या १२ वर्षांचाही एक परिच्छेद घालतो, आणि चूक तुम्ही दाखवलीत असं खाली लिहितो. कोचचा परिच्छेद राहील, आणि टॉड होल्टचं नाव त्यात आधी नव्हतं, तेही आता येईल.