मरीन टँकचे टीव्ही कार्यक्रम निरुपद्रवी नाहीत

मरीन टँक, म्हणजे समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या, बांधून दाखवणाऱ्या ‘टँक्ड’सारख्या टीव्ही कार्यक्रमांवर कुणी आक्षेप घेतला की एक ठरलेलं उत्तर येतं. हे नुसतं मनोरंजन आहे, मासे तिथे जाणकारांच्या हाती असतात, माशाला तसंही फारसं काही कळत नाही, आणि उलट असे कार्यक्रम बघूनच लोकांना समुद्राची गोडी लागते. हे उत्तर इतक्या वेळा पुढे पाठवलं गेलंय की लोक ते तपासून बघत नाहीत. मला ते जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकीचं वाटतं.

‘टँक्ड’ 2011 ते 2018 या काळात अ‍ॅनिमल प्लॅनेटवर चालला. लास वेगासमधली एक कंपनी गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे अ‍ॅक्रिलिकच्या भल्यामोठ्या टाक्या बांधायची आणि शेवटी मंडळी टाळ्या वाजवायची. बांधणीचं काम कसबी होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्यानंतरचं. पडद्यावर पाणी भरणं आणि मासे सोडणं यांत काही क्षणांचंच अंतर असतं, आणि खऱ्या टाकीत सगळं ठरतं ते नेमकं याच अंतरात. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही वाईटच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. या जिवाणूंनी खडकांवर आणि फिल्टरमध्ये बस्तान बसवायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. जुन्या टाकीतले मुरलेले खडक आणून हा काळ कमी करता येतो, आणि जाणकार तसं करतही असतील. पण बघणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. तो घरी टाकी भरतो आणि त्याच संध्याकाळी मासे सोडतो.

मासा ज्या पिशवीतून येतो तिच्यावर तरी कॅमेरा थांबायला हवा होता. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाच्या जिवावर उठतो. म्हणजे गाठ सुटल्यापासून घाई असते, पण टाकीतला खारटपणा वेगळा असेल तर घाई करूनही मासा मरतो. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातून मासे जातात आणि का गेले ते त्याला कळतही नाही.

शिवाय ही पिशवी आली कुठून? ब्लू टँग या निळ्या समुद्री माशाची पैदास फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांना पहिल्यांदा जमली ती 2016 साली. त्यामुळे दुकानातल्या जवळपास सगळ्या ब्लू टँग समुद्रातून पकडलेल्या असतात, आणि पूर्ण वाढल्यावर त्या 30 सेंटिमीटरपर्यंत जातात. फिलिपिन्समध्ये 1960च्या दशकापासून प्रवाळांच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरले गेले. बंदी आली तरी प्रकार थांबला नाही. त्यात प्रवाळ मरतात. मासा मात्र काही दिवस चांगला दिसतो, खातोपितोही, आणि पुढे दगावतो. चित्रीकरण आटोपायला तेवढे दिवस पुरतात.

माशाला काही कळत नाही, हे तर आता म्हणूच नये. ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू असल्याचं 2003 साली दाखवलं गेलं. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी क्लीनर रास या इवल्याशा माशाच्या गळ्यावर खूण केली. आरशात ती दिसल्यावर तो तळाशी गळा घासू लागला. याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहे, पण ‘कळत नाही’ असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. हाच मासा मरीन टँकसाठी सर्रास विकला जातो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी हे त्याचं खाणं. ते टाकीत पुरेसं मिळत नाही आणि अनेक रास उपासमारीनेच मरतात.

राहिली समुद्राची गोडी. ब्लू टँग नायिका असलेला ‘फाइंडिंग डोरी’ हा अ‍ॅनिमेशनपट आल्यावर या माशाची मागणी वाढली का, याचा अभ्यास झाला आहे. इंटरनेटवर शोध वाढले, अमेरिकेतली आयात मात्र लक्षणीय वाढली नाही. तेव्हा पडद्यावर दिसलं की लोक दुकानात धावतात, हे टीकाकारांचं म्हणणं तिथे टिकलं नाही, आणि ते मान्य करायला हवं. पण त्याच अभ्यासात मत्स्यालयांत जाणाऱ्यांची संख्याही वाढलेली दिसली नाही. मग गोडी लागते हा दावा तरी कशावर उभा आहे?

मरीन टँक ठेवणंच पाप, असं मी म्हणत नाही. क्लाउनफिशची पैदास कित्येक दशकांपासून होते आहे. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या हॅचरीत ती होते. चांगल्या निगराणीत हा मासा वीस वर्षंही जगतो. हौस अशी पुरवता येते, आणि नेमकं हेच टीव्हीवर दिसत नाही.

तासाभरात एवढं कुठे मावणार, असं विचारतात. मासा कुठून आला, पकडलेला की पैदास केलेला, वाढून केवढा होणार, हे त्याच्या नावाखाली एका ओळीत मावतं. आणि सहा महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाकडे जाऊन किती मासे जिवंत आहेत ते मोजून दाखवायला दोन मिनिटं पुरतील.