‘2 इंच लिफ्टवर 33 आरामात बसतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गाडी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन उंच केलं, की कोणता टायर बसतो यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, म्हटलं झोपेत आपणच काहीतरी वाकडं वाचलं असेल, पण नाही, तेच होतं. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून इथे उतरवतो (33 म्हणजे 33 इंच व्यासाचा टायर): “2 इंच लिफ्ट केलं की 33 चा टायर आरामात बसतो, माझ्या गाडीत बसलाय, लेखकाने स्वतः कधी गाडी उचललेली दिसत नाही. लिफ्टने डिफरन्शियल वर जात नाही हेही अर्धवट आहे. गिअरिंग, ब्रेक, स्टेपनी यावर एक शब्द नाही. असल्या लेखांमुळे नवीन लोकांचे पैसे बुडतात.”

चूक दाखवायला माझी कधीच ना नाही, मागे दोनदा लेख दुरुस्त केलेत आणि दुरुस्ती केली असं खाली लिहिलंयही. पण “लेखकाने स्वतः कधी गाडी उचललेली दिसत नाही” हे काय आहे? टायरचा मुद्दा आहे का हा? समोर बसून तुम्ही असं बोलला असता का? बरं असो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी घेतो. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात असं) असेल तर पुढचा डिफ, म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, चासीला बांधलेला असतो आणि लिफ्टबरोबर तोही वर जातो. माझ्या वाक्यात ‘सॉलिड एक्सल’ (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड एक्सल) हे दोन शब्द राहून गेले, ते आता टाकलेत, धन्यवाद. (बऱ्याच किटमध्ये चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाचवायला डिफ खाली घेणारे ब्रॅकेट येतात, म्हणजे वर गेलेला डिफ थोडा परत खाली, पण तुम्हाला ते माहीतच असेल.) सॉलिड एक्सल असेल तर मात्र एक्सल वर न्यायला टायरशिवाय दुसरं काही नाही, आणि तोही व्यास जितका वाढतो त्याच्या निम्माच देतो. 265/70 आर 17 (265 मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या 70 टक्के, 17 इंची रिम) चा व्यास साधारण 803 मिलिमीटर, 285/70 चा 831. फरक 28 चा, म्हणजे एक्सलखाली मिळाले 14 मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीएवढेही नाहीत.

आता तुमचं ते ‘आरामात’.

सपाट जमिनीवर गाडी उभी आहे, तुम्ही चाकाच्या वर हात घालून बघताय, चार बोटं जागा आहे, झालं, बसला टायर. अहो, उभ्या गाडीत 35 सुद्धा बसलेला दिसतो! टायर घासतो कधी, तर एका बाजूचं चाक खड्ड्यातून वर चढताना पूर्ण दबतं आणि त्याच वेळी स्टिअरिंग फुल लॉकला असतं तेव्हा. लिफ्टने काय केलं, गाडी उभी राहते ती उंची वाढवली, पण बंप स्टॉप (चाकाचं वर जाणं थांबवणारा रबरी ठोकळा) जुन्याच जागी ठेवलात तर चाक पूर्ण दबल्यावर पूर्वी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जाणार, फक्त आता तिथे मोठा टायर पोचतोय. लिफ्टने फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, कापला जात नाही हो. म्हणूनच लेखात लिहिलं होतं की किट बसवताना बंप स्टॉप वाढवा नाहीतर टायर लहान ठेवा, ते वाक्य तुम्ही वाचलं की थेट प्रतिक्रियेच्या चौकटीकडे आलात कोण जाणे.

आणि गाडी उचललीय की नाही विचारताय ना, तर ऐका. माझी पहिली गाडी मी 2 इंच उचलली आणि हौसेने 315/70 आर 17 घातले, व्यास 873 मिलिमीटर, म्हणजे 34.4 इंच. तेव्हा माझंही तुमच्यासारखंच म्हणणं होतं, ‘आरामात’. गाडी रस्त्यावर कशी दिसायची म्हणून सांगू, दोन महिने मी ती धुऊन धुऊन तिचे फोटो काढत होतो. मग एका ओढ्यातून तिरका चढत असताना पुढचं डावं चाक दबलं, मी स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि कापड टराटर फाटावं तसा आवाज आला. लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं आवरण) चाकात गुंडाळला गेला होता, फेंडरच्या मागच्या कोपऱ्याने टायरच्या खांद्यावरचे दोन ठोकळे छिलून काढले होते. बरोबरचे सगळे पुढे निघून गेलेले आणि मी चिखलात गुडघे टेकून कटरने लायनर कापतोय. त्या दिवसापासून मी टायर घेण्याआधी दोन्ही पुढच्या स्प्रिंगा काढतो, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत उचलतो, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो आणि मग मापाची टेप लावतो, वर थोडी जागा सोडून, कारण जोरात आदळल्यावर बंप स्टॉपचं रबरही दबतं. एक अख्खा दिवस जातो, कमरेचा काटा ढिला होतो. तर हो, उचललीय गाडी. तीन उचलल्या. स्वतःच्या हाताने.

तुमच्या गाडीत 33 बसलाय म्हणता, बसला असेल, मी कुठे नाही म्हणतोय. पण कुठला 33? 285/70 आर 17 ला सगळे 33 म्हणतात, हिशेबाने तो 32.7 भरतो. 255/80 आर 17 हिशेबाने 33.1, म्हणजे उंचीला उलट किंचित जास्तच, पण रुंदीला 30 मिलिमीटर कमी, दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा, आणि वळताना घासणं न घासणं या पंधरावर ठरतं. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला बसते ती जागा किती आत किंवा बाहेर) किती तेही तुम्ही लिहिलेलं नाही. अधिक 30 चा काढून शून्याचा रिम लावला की चाक 30 मिलिमीटर बाहेर येतं, आतल्या बाजूला मोकळं वाटतं आणि वळताना टायर मोठा घेर घेऊन बंपरच्या कोपऱ्यात जातो. यातलं काहीही न सांगता ‘माझ्या गाडीत बसलाय’ म्हणजे, माफ करा, पण ‘माझा बूट तुलाही होईल’ असं सांगण्यासारखं आहे राव.

उरलं गिअरिंग, ब्रेक, स्टेपनी. लेख ‘कोणता साइज बसतो’ यावर होता, बसल्यावर काय काय होतं यावर नव्हता. 31.6 इंचावरून (265/70) 34.4 वर गेलं की एक्सलमधला 4.10 चा गिअर रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो) 3.77 सारखा वागतो आणि स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 109 ने पळत असते, हे कॅलक्युलेटरवर कोणीही काढेल. ब्रेक लागायला वेळ लागतो, मान्य, जरा अंतर ठेवून चालवायची. आणि स्टेपनीचं म्हणाल तर माझी मूळ जागेत मावेना म्हणून वर्षभर मागच्या सीटवर आडवी पडून होती, कोणाचं काही बिघडलं नाही. एवढीच कळकळ असेल तर त्यावर तुम्हीच लिहा, मी येऊन वाचेन आणि नीट भाषेत प्रतिक्रियाही देईन.

पैसे बुडण्याचं तेवढं लागलं हो. ते 315 मी चार महिन्यांत निम्म्या किमतीला विकले, आणि दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये म्हणूनच मुळात तो लेख लिहायला बसलो होतो.

आता एक करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागच्या लायनरचा जवळून फोटो काढा, खालच्या कोपऱ्यापर्यंत येईल असा, आणि इथे टाका. गाडी धुवायच्या आधी.