ट्रायपॉड कशाला, हात आहेत की!

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचे फोटो काढायला गच्चीवर जाताना ट्रायपॉड घरीच ठेवा. तीन पायांचा आधार घेऊन फोटो काढणं म्हणजे वॉकर घेऊन पर्वती चढणं. आपल्याला देवाने दोन हात दिलेत. त्यातल्या एकात चकली असली तरी दुसरा मोकळाच असतो.

काही पुस्तकी मंडळी सांगतील, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (भिंगातलं उजेडाचं भोक) एफ/११, शटर दोन-चार सेकंद उघडं, म्हणजे ठिणगी विझेपर्यंतची अख्खी रेघ उमटते. दूरच्या दिव्यावर आधीच फोकस धरून मॅन्युअल करा, असंही म्हणतील. सरळ ऑटोवर टाका. अंधारात कॅमेरा झर्रझर्र करत फोकस शोधेल, तोवर समोरच्या बिल्डिंगचा शंभर शॉटचा खोका संपेल. चुकून एखादं रॉकेट सापडलंच, तरी कारागिराने स्ट्रॉन्शियम घालून केलेला लाल आणि बेरियम घालून केलेला हिरवा, दोन्ही जळून पांढरेफटक येतील. भेदभाव नको.

फ्लॅश आपोआप उघडला तर मिटू नका. त्याचा उजेड चार-पाच मीटरांत दमतो खरा, पण वाटेतल्या धुराचा एकेक कण उजळून देतो. गेल्या वर्षी माझ्या फोटोत सोसायटीची पाण्याची टाकी आणि पाइपवर वाळणारा टॉवेल इतका स्वच्छ आला की त्याचे दोरे मोजावेत. काकांनी विचारलं, "रॉकेट कुठाय रे?" म्हटलं, "टाकीच्या मागे."

उभं राहायचं ते वारा तोंडावर घेऊन, म्हणजे सगळा धूर आपल्याकडे. आणि घाई नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ दिली, तेव्हा सुरुवातीचं निवळ आभाळ हावऱ्यांना सोडून द्या. आपण पावणेदहाला, धूर चांगला मुरल्यावर. (आमच्या गल्लीत दहा साडेबारालाच वाजतात, ते सोडा.)

फ्लॅश बंदच करायचा झाला, तर शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात जरा हलला तरी फोटोत दिसतो. तेव्हा कोपरं कठड्याला टेकवू नका, टायमर लावू नका. नेमक्या त्याच वेळी खाली सुतळी बॉम्ब फुटेल आणि काळ्या आभाळावर हिरवी नागमोडी रेघ उमटेल. ती लगेच फॅमिली ग्रुपवर टाका. मी टाकली होती. नाशिकच्या मावशीचा दोन मिनिटांत फोन आला, "अरे, आयसीयूत कोण आहे?"